आडनावातलं गाव

बेने इस्राएल माणसाचा पत्ता त्याच्या आडनावातच असतो. केहीमकर म्हटलं की किहीम, नवगावकर म्हटलं की नवगाव, पेणकर म्हटलं की पेण. लग्न जमवताना आपल्या म्हाताऱ्या माणसांचा पहिला प्रश्न असायचा, “कुठले म्हणायचे तुम्ही?” समोरच्यानं आडनाव सांगितलं की गावाबरोबर त्या घराण्यातले दहा सोयरेही आठवायचे. इंग्लंडात वाढलेल्या आपल्या नातवंडांना मात्र हे आडनाव नीट म्हणता येत नाही, आणि कितीतरी घरांत ते पासपोर्टावरसुद्धा उरलेलं नाही. म्हणून या वेळी आडनावांच्या वाटेनं कोकणात एक फेरी मारून येऊ या. मोठ्यांनी आठवणी काढाव्यात, मुलांनी शेजारी नकाशा घेऊन बसावं.

समुद्रावरची वाट

आपला मुलूख म्हणजे पूर्वीचा कुलाबा जिल्हा. १९८१ पासून त्याला रायगड जिल्हा म्हणतात. मुंबईहून तिकडे जायच्या वाटा जुन्या मंडळींना पाठ आहेत. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँच, नाहीतर गेटवेहून मांडवा. पावसाळ्यात समुद्र खवळला की पनवेल, पेण, वडखळ असा एस.टी.चा लांबचा फेरा. २०२० च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला गाड्या वाहून नेणारी मोठी रो-रो बोट सुरू झाली, आणि २०२४ च्या जानेवारीत शिवडी ते न्हावाशेवा असा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू उघडला. ज्या प्रवासात आपले आजोबा डबा सोडून जेवायचे, तो आता जेवणाच्या आधी उरकतो.

मांडव्याला उतरलं की अलिबागचा रस्ता लागतो. आता मुलांनी गावं मोजायला लागावं. मांडव्याच्या खाली समुद्राच्या बाजूला आवास, म्हणजे आवासकर. पुढे झिराड, म्हणजे झिराडकर. मग चोंढी ओलांडून उजवीकडे किहीम, म्हणजे केहीमकर. त्याच्या खाली थळ आणि नवगाव, म्हणजे नवगावकर. अलिबागच्या दक्षिणेला गेलं तर नागाव, म्हणजे नागावकर. पुढे चौल, म्हणजे चेऊलकर. रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई, म्हणजे कोर्लेकर. आणखी खाली जंजिऱ्यासमोर राजपुरी, म्हणजे राजपूरकर. पेणच्या वाटेवर पेझारी, म्हणजे पेझारकर. रोह्याच्या शेजारी अष्टमी, म्हणजे अष्टमकर. दुसऱ्या कुठल्या समाजाचा नकाशा असा हजेरीपटासारखा वाचता येतो का, सांगा!

नवगाव

या सगळ्या गावांत पहिला मान नवगावचा. परंपरा आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, पण मुलांसाठी पुन्हा सांगते. फार पूर्वी आपल्या पूर्वजांचं गलबत किहीम-नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. पवित्र ग्रंथ, चीजवस्तू सगळं समुद्रात गेलं. बुडालेल्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, ती वाचलेल्यांनी नवगावला पुरली. दफनभूमीत दोन मोठे उंचवटे दाखवतात, एक पुरुषांचा आणि एक बायकांचा. आता तिथं स्मारकाचा खांबही आहे.

ही घटना कोणत्या शतकात घडली याबद्दल अभ्यासकांची वेगवेगळी मतं आहेत. त्या वादात मी शिरत नाही. मला महत्त्वाची वाटते ती त्यापुढची गोष्ट. ग्रंथ बुडाले, भाषा विसरली, प्रार्थना विसरल्या. तरी चार-पाच गोष्टी टिकल्या: आठव्या दिवशी मुलाची सुंता, शनिवारची विश्रांती, पंख आणि खवले असलेलीच मासळी खायची हा नियम, काही सण-रोजे आणि ‘शेमा इस्राएल’. हे एवढंच भांडवल घेऊन माणसं पिढ्यान्‌पिढ्या भातशेतीच्या गावांत राहिली. पुढे दाविद राहबी नावाचे विद्वान आले, त्यांनी बायकांनी निवडलेली मासळी पाहून आपल्या लोकांना ओळखलं आणि तीन घराण्यांतल्या मुलांना हिब्रू शिकवून काजी नेमलं, अशी आख्यायिका आहे. ती घराणी म्हणजे झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर. बघा, इथंही पुन्हा गावंच!

शनिवार तेली

आपल्या पूर्वजांचा धंदा तेलाचा. लाकडी घाणा, त्याला जुंपलेला झापडं बांधलेला बैल, आणि तीळ-खोबऱ्याचा वास. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव दिलं ‘शनिवार तेली’. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते ‘सोमवार तेली’. शेजाऱ्यांना तोरा ठाऊक नव्हती, पण या घरी शनिवारी तेल मिळत नाही हे ठाऊक होतं. एका दृष्टीनं हीच आपली जुनी ओळख.

सणांची नावंही गावच्याच भाषेतली. रोश हशाना म्हणजे ‘नव्याचा सण’. त्यानंतर नवीन भाताची, नारळाच्या रसातली खीर करून ऊद जाळायचा आणि शेमा म्हणायचा, तो ‘खिरीचा सण’. किप्पूरला दारं लावून घरात बसायचं, म्हणून ‘दारफाळणीचा सण’. आणि बेथ हमिकदाशच्या दुःखाच्या दिवशी केळीच्या पानावर वालाचं बिरडं खायचं, म्हणून ‘बिरड्याचा सण’. वाल हे तर पेण-अलिबागच्या शेताचं पीक. भात कापलं की त्याच रानात वाल पेरायचे. यरुशलेमच्या दुःखालाही आपल्या लोकांनी आपल्या शेतातलं नाव दिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून आपल्या रश्शात नारळाचा रस. किद्दुशला द्राक्षाची दारू नाही मिळाली, म्हणून मनुका भिजवून काढलेलं शरबत. नव्याच्या सणाला गव्हाच्या चिकाचा हलवा. मुलांनो, तुमची आजी हे पदार्थ करते तेव्हा ती धर्म पाळते आणि त्याच वेळी कोकणही सांभाळते.

अलिबाग

अलिबाग हे आपल्या मुलुखाचं मुख्य ठिकाण. समुद्रात कुलाबा किल्ला उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६८० साली त्याचं काम हाती घेतलं, आणि पुढे तो कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. गावाचं नाव अली नावाच्या एका धनिकाच्या बागांवरून पडलं, असं सांगतात. त्यानं विहिरी खोदल्या, नारळी-आंब्याच्या बागा लावल्या. हा अली आपल्यातलाच होता असं आपले वडीलधारे छातीवर हात ठेवून सांगायचे. शेजारी वेगळं सांगायचे. वाद कधी मिटला नाही आणि त्यावरून भांडणही कधी झालं नाही.

गावात इस्रायल आळी आहे आणि तिथं ‘मागेन आबोथ’ सिनेगॉग. पहिली इमारत १८४८ सालची, आजची १९१० मधली. रेवदंड्याचं ‘बेथ एल’ १८४२ चं, पनवेलचं ‘बेथ एल’ १८४९ चं, पेणचं ‘बेथ हाएलोहीम’ १८६३ चं. या तारखा जरा नीट बघा. पंचवीस वर्षांच्या आत चार गावांत चार प्रार्थनालयं उभी राहिली. त्याच्या आधी मुंबईत १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी ‘शाअर हारहमीम’ बांधलं होतं. इंग्रजांच्या फौजेत लढताना ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले आणि सुटून आल्यावर नवस फेडावा तसं त्यांनी हे काम केलं, अशी कथा आहे. आपल्या लोकांना तेव्हा पलटणीत पगार मिळू लागला होता. पगार गावी आला, त्यातून घरं आली आणि मशीद आली. हो, आपली जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची.

अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबींचा टप्पा आहे. खडकावर रथाच्या चाकाच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा दाखवतात. नबी तिथून स्वर्गाला गेले, ही आपली श्रद्धा. मुंबई-ठाण्याहून आणि इस्राएलहूनसुद्धा माणसं नवस घेऊन येतात आणि तिथं मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, सुका मेवा, वर पाच प्रकारची फळं. लंडनच्या घरात टेबलावर मांडलेलं मलिद्याचं ताट आणि खंडाळ्याच्या खडकाजवळचं ताट यांत फरक एवढाच, की तिकडच्या खोबऱ्याला गोठलेल्या पाकिटाचा वास येत नाही.

आक्षी, चौल, रेवदंडा

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की वाटेत आक्षी लागतं. तिथं सापडलेला शिलालेख शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा मानतात. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. आपली मातृभाषा दगडावर उमटली ती आपल्याच गावांच्या मध्ये! चौल हे तर फार पुराणं बंदर. रेवदंड्याला पोर्तुगीजांचा किल्ला होता, १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. नारळी-पोफळीच्या वाड्यांत त्याचे पडके तट अजून उभे आहेत.

मराठीची आपल्या धर्माशीही अशीच सोयरीक झाली. १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा शिळाछापावर निघाला. १८७४ साली पुण्याला दुसरा निघाला. त्यातल्या चित्रांत बायका नऊवारी नेसून पेसाहची तयारी करताना दिसतात. जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा मोठा इतिहास लिहिला. तो १८९७ मध्ये पूर्ण झाला, पण छापून निघाला १९३७ साली तेल अवीवला, लेखक गेल्यानंतर. या दोघांची आडनावं पुन्हा वाचा. एक राजपुरीचा, एक किहीमचा.

माणसं का गेली

आपण सहज म्हणतो की इस्राएल झालं आणि कोकण रिकामं झालं. ते अर्धंच खरं आहे. घाण्याला गिरणी भारी पडली. पलटण, रेल्वे, गोदी, इस्पितळ, कचेरी या नोकऱ्या मुंबई, पुणे, ठाणे, अहमदाबाद, कराचीकडे होत्या. शिकलेला मुलगा एकदा गेला की सणालाच परतायचा. एकोणिसाव्या शतकातच ही सुरुवात झाली. १९४८ नंतर मुंबईकरही निघाले, आणि मग गावाला सणापुरतं येणारंही कोणी राहिलं नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते, आता थोडे हजारच उरलेत, आणि त्यांतले बहुतेक मुंबई-ठाण्याकडे. रायगडात घरं मोजकीच. मिनियानसाठी दहा पुरुष जमवायचे म्हणजे मुंबई-ठाण्याच्या पाहुण्यांची वाट बघायची. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याचा आनंद झाला. पण दर्जा मिळाल्यानं दहावा माणूस मिळत नाही.

हे फक्त आपल्याच नशिबी आलं असं नाही. या देशाच्या नैऋत्य किनाऱ्याला कॉर्नवॉल आहे. कधी सुट्टीत गेलात तर बघा, अगदी कोकणासारखा दिसतो. खाड्या, होड्या, मासळी आणि डोक्यावर पाऊस. फालमथ बंदरातून टपालाची जहाजं जगभर जायची, तेव्हा तिथं ज्यू दुकानदारांची छोटी वस्ती होती. त्यांनी १८०८ साली सिनेगॉग बांधलं. टपालाची जहाजं १८५० मध्ये बंद झाली, धंदा गेला, माणसं गेली, आणि १८८० च्या सुमारास सिनेगॉगही बंद झालं. पेन्झान्सचं १८०७ मध्ये बांधलेलं सिनेगॉग १९०६ ला मिटलं. शेजारच्या प्लिमथचं १७६२ सालचं मात्र अजून चालू आहे. बंदराचं नशीब फिरलं की छोट्या समाजाचंही फिरतं, मग ते बंदर चौल असो की फालमथ.

पण एक फरक आहे. फालमथच्या ज्यूंनी गाव सोडलं तेव्हा मागे दफनभूमी राहिली, आणि बरोबर मात्र गावाचं काही गेलं नाही. त्यांच्या पणतवंडांना आडनावावरून फालमथ सापडणार नाही. आपण गाव सोडलं तेव्हा गाव आपल्याबरोबर आलं. किहीमला एकही केहीमकर राहत नसला, तरी दिमोना, अश्दोद किंवा लंडनमधला केहीमकर किहीमचाच.

कर गळतो कसा

आता खरी काळजीची गोष्ट. हा ‘कर’ आपल्या हातून गळत चालला आहे. आपल्यात स्वतःचं नाव आणि बापाचं नाव लावायची रीत जुनी. शाळेच्या दाखल्यावर मोझेस डॅनियल, पलटणीच्या कागदावर सॅम्युएल डेविड. आडनाव लिहायला जागा नसे, किंवा कारकुनाला ते लिहिता येत नसे. इंग्लंडला आल्यावर तेच नाव पासपोर्टावर कायम झालं. यात कोणाचा दोष नाही. परक्या देशात रोज आडनावाचं स्पेलिंग सांगत बसायला कोणाला आवडतं? पण परिणाम असा होतो की दोन पिढ्यांनी घरात कोणालाच ठाऊक नसतं आपण कुठले. डेविड हे आडनाव जगात लाखोंचं आहे. त्यावरून गाव कसं शोधणार?

नाव थोडंसं जरी राखलं तरी गाव टिकतं, याचं एक उदाहरण लंडनशीच जोडलेलं आहे. डॉ. जेरुशा झिराड. त्या इथं शिकायला आल्या, १९१९ साली लंडनच्या एम.डी. झाल्या, परत जाऊन १९२८ ते १९४७ मुंबईच्या कामा हॉस्पिटलचा कारभार त्यांनी पाहिला. लंडनमध्ये पाहिलेल्या उदारमतवादी ज्यू विचारांवरून १९२५ साली मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या घराण्यानं ‘कर’ सोडला, पण ‘झिराड’ ठेवलं. त्यामुळे मांडवा-अलिबाग रस्त्यावरची झिराडची पाटी दिसली की आजही बाईंची आठवण होते.

तेव्हा माझी विनंती अशी. प्रत्येक घरानं एक कागद घ्यावा. त्यावर आजोबा-आजी, पणजोबा-पणजी यांची पूर्ण नावं ‘कर’सकट लिहावीत. आईकडचीही लिहावीत, कारण बाईचं माहेरचं गाव लग्नानंतर सगळ्यात आधी विसरलं जातं. गावात घर कुठं होतं, कोणाच्या शेजारी होतं, विहीर कोणाची, घाणा होता का, कबरी कुठं आहेत, जे आठवेल ते लिहावं. आठवत नसेल तिथं जागा कोरी ठेवावी, अंदाज लिहू नये. जुन्या फोटोंच्या मागं पेन्सिलीनं नावं घालावीत. हे काम मुलांनी करावं, सांगण्याचं काम मोठ्यांनी. मराठी येत नसेल तर ऐकून इंग्रजीत लिहा, फक्त गावाचं नाव आजीकडून मराठीत लिहून घ्या. इंग्रजी अक्षरांत ‘तळा’ आणि ‘थळ’ एकमेकांत मिसळायला वेळ लागत नाही, आणि दोन्ही गावं वेगळी आहेत.

ज्यांचे पूर्वज पलटणीत होते त्यांना इथं राहून एक सोय आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि इंडिया ऑफिसच्या कागदांचा संग्रह लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिथंच जुन्या मराठी छापील पुस्तकांचाही मोठा साठा आहे, ब्रिटिश म्युझियमनं त्याची छापील यादी १८९२ सालीच काढली होती. शाळेच्या सुट्टीत सेंट पँक्रासला जाऊन विचारायला हरकत नाही. पण तिथं जाताना पूर्ण नाव हवं. ‘सॅम्युएल’ एवढंच घेऊन गेलात तर शंभर सॅम्युएल निघतील.

हे कागद जमले की आपल्या पत्रिकेत गावागावाची यादी छापू. पुढे ज्याला कोकणात जायचं असेल त्याच्या हातात ती ठेवता येईल, म्हणजे तो नुसता समुद्र बघून परतणार नाही. रेवदंड्याच्या बाजारात, पेणच्या नाक्यावर उभं राहून त्याला विचारता येईल, “आमचं घर इथं कुठं होतं हो?” कोकणातला माणूस पत्ता सांगण्यात कंजूष नाही. त्याला फक्त आडनाव पुरं सांगावं लागतं.